जुन्या बोटीला नवे काम

आपल्या सोमेश्वरनगरला ऊस आहे, नीरेचा कालवा आहे, पण समुद्र नाही. माझी आजी देवगडची. लग्नानंतर ती मुंबईपर्यंत बोटीने आली. बोट खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. बोट लागली की उलट्या व्हायच्या! पुढे ती कोकणची बोट बंद पडली.

मग 2018 साली मुंबई ते गोवा 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून हे नाव. पण बोट नवी नव्हती. ती 1997 साली जपानात बांधली होती. तेव्हा तिचे नाव 'ओगासावारा मारू'. लांबी 131 मीटर, म्हणजे शाळेची मीटरपट्टी 131 वेळा ठेवावी लागेल. टोकियोहून सुमारे 1000 किलोमीटर दूरच्या बेटांवर ती माणसे व सामान नेई. तिथे विमानतळ नाही. बोट हीच त्यांची एसटी. 2016 साली तिथे नवी बोट आली. जुनी आपल्याकडे येऊन सहलीची बोट झाली. तिला क्रूझ म्हणतात.

आता आंग्रियाही बंद आहे. आजी म्हणते, "एकदा तरी समुद्रातनं माहेरी जायचं होतं रे."

यावरून मी शिकलो, की जुन्या वस्तूला नवे काम देता येते. पण ते काम चालू ठेवावे लागते.

– इयत्ता चौथी