मागच्या बोळातून तळघराचा जिना: जागा किती, खर्च किती?

शिरूर असो की दौंड, जुन्या वस्तीत दोन घरांमध्ये चार फुटांचा बोळ उरला तरी नशीब. तळघराला मागून स्वतंत्र दार हवं म्हटलं, की मिस्त्री बोळाकडे बघून एक आकडा सांगून मोकळा होतो. त्यावर हो म्हणण्याआधी टेप हातात घ्या.

माप आधी

तळघराची फरशी आठ फूट खाली धरा. घरगुती जिन्याची पायरी १९ सेंमीपेक्षा उंच आणि २५ सेंमीपेक्षा अरुंद नसावी, म्हणजे साडेसात इंच चढ आणि दहा इंच पाय. आठ फुटांना तेरा चढ लागतात. सरळ जिना दहा फूट घेतो. वर-खाली तीन-तीन फूट मोकळे सोडले की सोळा. वळणाचा जिना अकरा फुटांत बसतो, पण रुंदी सहा फूट मागतो. जागा वाचवायला नऊ इंचांच्या पायऱ्या पाडू नका; गव्हाचं पोतं घेऊन उतरणाऱ्याला विचारा.

ढोबळ खर्च (मजुरीसह)

- हाताने खोदाई, राडारोडा उचलणं: १५ ते २५ हजार. बोळात जेसीबी शिरत नाही. मुरूम कठीण लागला तर ब्रेकरचं भाडं वेगळं.
- खड्ड्याच्या आरसीसी भिंती: ५० ते ७० हजार
- लोखंडी जिना, कठड्यासह: २०० ते २५० किलो, २५ ते ३५ हजार
- वॉटरप्रूफिंग, चर, पाण्याचा खड्डा, पंप: २५ ते ४० हजार
- पत्र्याचं दार, चौकट: १२ ते १८ हजार
- स्ट्रक्चरल इंजिनिअर: ५ ते १० हजार

बेरीज एक लाख तीस हजार ते दोन लाख. जिना यातला लहान भाग आहे. पैसा जातो माती आणि पाणी अडवण्यात. बोळ अडत असेल, तर मागच्या पडवीत स्लॅब कापून आतूनच जिना उतरवा. स्लॅबला आधार आणि वर आडवं दार धरून साठ ते नव्वद हजारांत काम होतं. स्लॅब मात्र इंजिनिअरने खूण केल्याशिवाय कापू नका.

पाण्याचा हिशेब

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतीला रेटा देते. दौंडच्या कालव्याखालच्या पट्ट्यात भूजलही वर असतं. इकडे जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, म्हणून काम जानेवारी ते मे उरका. जिन्याच्या तोंडाशी सहा इंचांचा उंबरा बांधा, म्हणजे बोळातलं पाणी आत उतरणार नाही. तळाशी दोन फूट चौरस खड्डा आणि त्यात फ्लोट स्विचचा पंप ठेवा. पायऱ्यांना गुळगुळीत कोटा नको, खरबरीत शहाबादी बरी.

परवानगी आणि शेजारी

डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नकाशा दाखवूनच कुदळ मारा. बोळ सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. त्यांच्या पायाच्या खाली खोदू नका, आणि त्यांच्या भिंतीवर आधीपासून असलेल्या भेगांचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा.

तळघरात गॅस सिलिंडर नको. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो.

मिस्त्रीशी ठेका ठरवताना दहा टक्के रक्कम राखून ठेवा. उंबऱ्याबाहेर तासभर नळी सोडून पाहा. तळघर कोरडं राहिलं तरच ती द्या.