मोठी प्लायशीट, छोटं मशीन: टेबल सॉला घरच्या घरी जोड-टेबल



सुतारकामाचा उद्योग घेतला की एक अडचण हमखास येते. गटाचं टेबल सॉ मशीन लहान असतं आणि प्लायची शीट ८ फूट लांब, ४ फूट रुंद. मग एकतर दुकानातून कापून आणायची. त्याचे पैसे जातात आणि माप चुकलं तर तुकडा वाया. नाहीतर दोघी-तिघींनी शीट हातावर धरून मशीनवर ढकलायची. ही दुसरी वाट फार धोक्याची आहे.

१८ मिमी प्लायची अख्खी शीट ३० किलोच्या आसपास भरते. कापताना तिची कड लोंबली की शीट वाकडी होते, फिरत्या पात्याला आवळते आणि पातं ती जोरात उलट आपल्याच अंगावर फेकतं. त्या झटक्यात हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. म्हणून आजच्या पाठाचं सूत्र एकच: शीटचं वजन टेबल पेलेल, हात फक्त दिशा देतील.

काय लागेल?

- प्लायची एक शीट (१८ मिमी) आणि वर लावायला १ मिमी सनमायका. गुळगुळीत पृष्ठभागावर शीट सहज सरकते.
- चौकट आणि पायांसाठी २ × २ इंचाचं लाकूड. जुनं चालेल, पण सरळ हवं.
- स्क्रू, फेविकॉल, पायांसाठी जाड बोल्ट-नट.
- दोन मजबूत क्लॅम्प, गुण्या, टेप, पाणसळ.

कसं करायचं?

१. उंची मोजा. मशीन सपाट जमिनीवर पक्कं बसवा. जमिनीपासून मशीनच्या टेबलापर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. समजा ती ३४ इंच आहे. प्लाय आणि सनमायका मिळून पाऊण इंच होतात. म्हणजे जोड-टेबलाची चौकट सव्वातेहतीस इंचावर यायला हवी.

२. पाय थोडे आखूड ठेवा. प्रत्येक पाय अर्धा इंच आखूड कापा. खालून नट पक्का बसवून त्यात बोल्ट फिरवा. बोल्ट फिरवला की पाय वर-खाली होतो. आपल्याकडची जमीन क्वचितच सपाट असते, त्यामुळे ही सोय सोडू नका.

३. उजवीकडची जोड. शीटचे दोन समान भाग करायचे तर पात्यापासून २ फूट जागा हवी, शिवाय मार्गपट्टी बसायला थोडी. म्हणून पात्यापासून एकूण अडीच फूट रुंदी धरा आणि मशीनचं टेबल जिथे संपतं तिथून पुढची जोड करा. ती मशीनला बोल्टने जोडा. वर सरळ पट्टी आडवी ठेवून पाहा. खालून उजेड दिसला तर पातळी चुकली आहे.

४. मागचं टेबल. कापून झालेली ८ फुटी शीट पात्याच्या मागे जाते. निम्म्याहून जास्त शीट टेबलावर असेल तरच ती खाली झुकत नाही. म्हणून पात्यापासून मागे किमान साडेचार-पाच फूट आधार हवा. हे टेबल मशीनपेक्षा साधारण १ मिमी खाली ठेवा, म्हणजे शीटची कड अडणार नाही.

५. डावीकडे आणि पुढे घोडी. शीटचा दुसरा अर्धा भाग डावीकडे लोंबतो, आणि सुरुवातीला शीट पुढेही लोंबते. दोन्हीकडे त्याच उंचीची घोडी ठेवा. घोडी हलणारी नको.

६. मार्गपट्टी. प्लायच्या दोन पट्ट्या चिकटवून एक सरळ, जाड पट्टी करा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळा. प्लग काढून, पात्याच्या दातापासून पट्टीपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे मोजा. दोन्ही सारखं हवं. मागे अंतर कमी पडलं तर शीट पात्यात आवळली जाते.

मापाचा हिशेब

पातं साधारण एक सूत लाकूड खातं. त्यामुळे ४ फुटांचे दोन पूर्ण २-२ फुटांचे तुकडे कधीच निघत नाहीत. प्रत्येक तुकडा अर्धा सूत कमी भरतो. ऑर्डर घेताना हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

मशीन चालू करण्याआधी

- पदर, ओढणी, मोकळे केस आणि बांगड्या यांना मशीनजवळ जागा नाही. अंगाला घट्ट बसणारा ॲप्रन घाला. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच.
- पात्यावरचं झाकण आणि पात्यामागची पोलादी पट्टी काढू नका. पातं शीटच्या वर दोन सूतच ठेवा.
- पात्याच्या सरळ रेषेत उभ्या राहू नका, थोडं बाजूला उभ्या राहा.
- मागे उभी असलेली ताई शीट फक्त पेलेल, ओढणार नाही. ढकलणारी एकच.
- शेवटचा भाग हाताने नको, ढकलकाठीने सारा.
- मध्येच लाईट गेली तर आधी स्विच बंद करा, मग शीट हलवा. नाहीतर लाईट आली की पातं आपोआप फिरू लागतं.
- अख्खी शीट आडवी कापायची असेल तर हातमशीनने आधी मोठे तुकडे करून घ्या.

पहिल्या दिवशी चांगली शीट लावू नका. मशीन बंद ठेवून, पातं टेबलाखाली उतरवून, अख्खी शीट दोनदा सरकवून बघा. कुठे अडते, कुठे झुकते ते तिथेच कळेल.

बैठकीत चर्चेसाठी

१. महिन्याला आपण किती शीट कापून आणतो? कटिंगचे पैसे आणि टेम्पोचं भाडं मिळून किती होतात? जोड-टेबलाचा खर्च किती महिन्यांत निघेल?
२. मशीन कोणकोण चालवणार? शिकलेल्या ताईंची नावं ठरावात लिहा. बाकीच्यांनी घाई असली तरी हात लावायचा नाही.
३. मशीनच्या खोलीत लहान मुलं येऊ नयेत यासाठी कुलूप-किल्ली कोणाकडे?

दशसूत्रीत उपजीविका आहे तसं आरोग्यही आहे. एक ऑर्डर उशिरा गेली तर पुढच्या महिन्यात भरून काढता येते, गेलेलं बोट नाही.