घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन कोर्स : पैसे भरण्यापूर्वी

शाळेत न जाता घरी राहून दहावी-बारावी करणारी मुले आपल्याकडे नवीन नाहीत. हिफ्ज पूर्ण करून तेराव्या-चौदाव्या वर्षी परतलेला मुलगा, वडिलांची आखातातील नोकरी सुटल्यामुळे मधल्याच वर्गात शाळा तुटलेली मुलगी, लांबच्या आजारपणात हजेरी गेलेले मूल, किंवा तालुक्याच्या कॉलेजला रोजचे जाणे-येणे परवडत नाही म्हणून घरीच अभ्यास करणारे मूल. पूर्वी अशा मुलाला एक गाईड आणि गल्लीतल्या मास्तरांची शिकवणी एवढाच आधार असे. आता मोबाइलवर शेकडो कोर्स आहेत आणि त्यातील प्रत्येक स्वतःला 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणवून घेतो. पालक गोंधळतात. विक्री प्रतिनिधीचा फोन येतो, मुलाच्या भवितव्याची भीती घातली जाते आणि चाळीस-पन्नास हजारांचा सौदा अर्ध्या तासात होऊन जातो. दुकानात पाच हजारांचा माल भरताना चार ठिकाणी भाव काढणारा आपला व्यापारी इथे मात्र नमुना न पाहताच पैसे मोजतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी परीक्षा ठरवावी आणि कोर्स नंतर निवडावा. शाळेतल्या मुलाला शाळेचा दाखला असतो, त्यामुळे त्याने घेतलेला ऑनलाइन कोर्स वाया गेला तरी त्याचे वर्ष बुडत नाही. घरच्या मुलाजवळ कागद म्हणून एकच गोष्ट असते, ती म्हणजे मान्यताप्राप्त परीक्षेची गुणपत्रिका. कंपनीने छापून दिलेले रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, परंतु प्रवेशाच्या खिडकीवर त्याला कोणी हात लावत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न गुणपत्रिका कोणाची, हा आहे. महाराष्ट्रात दोन वाटा सर्वांना माहीत आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसणे. दुसरी म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजेच एनआयओएस. ही संस्था १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल या नावाने सुरू झाली आणि २००२ पासून तिचे आजचे नाव आहे. तिची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. पाच विषय लागतात, त्यांपैकी किमान एक भाषा. उर्दू माध्यमाची सोयही आहे. विषयांची सांगड घालण्याची मोकळीक राज्य मंडळापेक्षा अधिक आहे. गणित, हिशेबशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकत्र घेऊ पाहणाऱ्या मुलाला इथे कोणी अडवत नाही. मात्र ही मोकळीक जपून वापरावी. पुढे ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे त्याच्या माहितीपत्रकात कोणते विषय सक्तीचे आहेत ते आधी वाचावे आणि त्याप्रमाणे पाच विषय ठरवावेत.

एनआयओएसमध्ये 'टीएमए' नावाचा घरी लिहून द्यावयाचा स्वाध्याय असतो आणि त्याला वीस टक्के वजन आहे. महागडा कोर्स लावून मूल रात्री अकरापर्यंत व्हिडिओ पाहत बसते आणि हा स्वाध्याय मुदतीत जात नाही, असे होता कामा नये. विज्ञानाच्या विषयांना प्रात्यक्षिक परीक्षाही असते. पडद्यावर टायट्रेशन पाहून ब्युरेट हाताळता येत नाही. म्हणून विज्ञान घेणाऱ्या मुलाच्या पालकांनी ऑनलाइन कोर्सचा विचार करण्यापूर्वी अभ्यास केंद्रात जाऊन प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी, प्रयोग कोण करून घेणार आणि किती दिवस, हे विचारावे. १७ नंबरच्या फॉर्मची वाट धरणाऱ्यांनी ही चौकशी फॉर्म भरण्यापूर्वीच करावी.

आता प्रगत कोर्सकडे येऊ. सर्वाधिक पैसा जातो तो जेईई आणि नीटच्या कोर्सवर. मुक्त विद्यालयाची मुले या परीक्षांना बसू शकतात की नाही, ही शंका अनेकांच्या मनात असते. जेईई मेनसाठी एनआयओएसची किमान पाच विषयांची बारावी चालते. नीटबाबत बरीच वर्षे वाद होता, परंतु २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न मिटला आणि मान्यताप्राप्त खुल्या शाळांच्या विद्यार्थ्यांना दार उघडले. दार उघडले तरी उंबरठा आहेच. आयआयटीच्या प्रवेशाला जेईईतील क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते; अनुसूचित जाती-जमाती व अपंग विद्यार्थ्यांसाठी ही अट ६५ टक्के आहे. कोर्स विकणारा हे फोनवर सहसा सांगत नाही. त्याचा कोर्स जेईईचा असतो, मंडळाचे लेखी उत्तर कसे लिहावे हे त्यात नसते. शाळेत जाणाऱ्या मुलाला ते वर्गात मिळते, घरच्या मुलाला कोठेच मिळत नाही. म्हणून लेखी उत्तरे तपासून परत देणारा कोर्स असेल तर त्याला आम्ही दोन गुण जास्त देऊ, मग त्याचा शिक्षक प्रसिद्ध नसला तरी चालेल.

व्यापारी घरांतील मुलांसाठी एक वाट आम्हाला विशेष सुचवावीशी वाटते. सनदी लेखापाल, म्हणजे सीएच्या फाउंडेशन परीक्षेसाठी दहावीनंतरच तात्पुरती नोंदणी करता येते. परीक्षेला मात्र बारावी झाल्यावर बसावे लागते. चार पेपर, ४०० गुण. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले तर उत्तीर्ण. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली आहे. सीए इन्स्टिट्यूट स्वतः या परीक्षेचे थेट ऑनलाइन वर्ग विनामूल्य चालवते आणि अभ्यास साहित्यही तिच्या संकेतस्थळावर मिळते. तरीही याच परीक्षेसाठी बाहेर हजारो रुपये मोजले जातात. आमचे म्हणणे एवढेच की, आधी दोन महिने फुकटचे वर्ग नेमाने करून पाहावेत. मुलाला ते झेपत नाहीत असे दिसले, तरच बाहेरची शिकवणी विकत घ्यावी. हिशेबशास्त्र हा विषय तर असा आहे की दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी घरातच असते. मुलाला महिन्यातून एक दिवस तिच्यापुढे बसवावे, येणे-देणे कोर्समधून जेवढे कळते त्यापेक्षा लवकर कळेल.

ज्या मुलाला अभ्यासक्रमाच्या पलीकडे काही शिकायचे आहे, त्याच्यासाठी सरकारी व्यवस्था चांगली आहे आणि तिचा उपयोग फार कमी घरांत होतो. 'स्वयम्' हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावर एनआयओएसचे विषयही आहेत. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या 'एनपीटीईएल'चे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स फुकट करता येतात, प्रवेशासाठी पदवी मागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर नेमलेल्या केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी हजार रुपयांच्या आसपास असते. स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ असे गुण विभागलेले आहेत. पर्यवेक्षकांसमोर दिलेल्या परीक्षेमुळेच या प्रमाणपत्राला वजन आहे. आयआयटी रोपडचा पायथन शिकवणारा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' हा बारा आठवड्यांचा कोर्स अकरावीच्या होतकरू मुलाला पेलण्यासारखा आहे. पुढे आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीकडेही पाहता येते. तिथे जेईईची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरील पात्रता परीक्षा हा प्रवेशाचा नेहमीचा मार्ग आहे. अकरावी झालेले विद्यार्थीही अर्ज करू शकतात, शिक्षण मात्र बारावीनंतर सुरू होते.

परदेशात शिकायला पाठवू इच्छिणाऱ्या पालकांकडून अमेरिकेच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', म्हणजे एपी परीक्षेची चौकशी होते. ही परीक्षा कॉलेज बोर्ड घेते, ती मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ असे असतात. एखाद्या कोर्सच्या नावात 'एपी' हा शब्द वापरायचा तर त्याचा आराखडा कॉलेज बोर्डाकडून तपासून घ्यावा लागतो. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. दुसरी गोष्ट अशी की, कोर्स न करताही परीक्षेला बसता येते. खरी अडचण केंद्राची आहे. बाहेरच्या मुलाला आपल्याकडे बसू देणारी शाळा आधी शोधावी लागते, आणि साधारणपणे नोव्हेंबरमध्ये नावनोंदणी बंद होते. केंब्रिजच्या ए-लेव्हलचेही तसेच. खाजगी विद्यार्थी घेणारी केंद्रे मोजकी, आणि भौतिक-रसायन घेतले तर प्रयोगशाळेतील पेपर द्यावा लागतो. केंद्राची लेखी संमती हातात पडल्याशिवाय या परीक्षांच्या कोर्सला एक पैसाही भरू नये. मूल पुढे भारतातच शिकणार असेल, तर या खर्चात पडण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

आता पैशाचे बोलू. खाजगी शिकवणीवर १८ टक्के जीएसटी आहे. फोनवर सांगितलेली चाळीस हजार फी म्हणूनच पावतीवर ४७,२०० होऊ शकते. कर धरून की कराशिवाय, हे पहिल्याच बोलण्यात विचारावे आणि जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे. पुढे वाद झालाच, तर हातात तेवढाच कागद असतो.

हप्त्यांचा मामला याहून नाजूक आहे. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे दिले जाते ते बहुधा एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते आणि ते वडिलांच्या किंवा आईच्या नावावर चढते. वित्त कंपनी पूर्ण रक्कम कोर्सवाल्याला देऊन मोकळी होते, आपण बारा महिने वित्त कंपनीला फेडत बसतो. दुसऱ्या महिन्यात मुलाने कोर्स सोडला तरी हप्ता थांबत नाही, आणि थांबवला तर पत बिघडते. दुकानासाठी उद्या बँकेत गेल्यावर ते आडवे येते. व्याज नाही असे सांगितले जाते, परंतु पुष्कळदा ते किमतीतच मिसळलेले असते आणि कर्जाच्या कागदावर व्याज म्हणूनच दिसते. ज्या घरांत व्याजाचा व्यवहार नको असतो, त्यांनी तर हा कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा ओटीपी देऊच नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जात सर्व खर्च सांगणारे मुख्य माहितीपत्रक द्यावेच लागते, आणि कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी थोड्या दिवसांची मुदतही असते. ती किती दिवसांची, हे त्या पत्रकात लिहिलेले असते.

आमचा हा इशारा हवेतला नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना जाहीर सूचना दिली होती की, ऑनलाइन शिक्षण कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देऊ नका आणि कर्जाच्या कागदांवर न समजता सही करू नका. या धंद्यातील सर्वांत गाजलेली कंपनी, बायजूज, हिच्यावर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याने नेमका कोणता कोर्स, किती काळाचा आणि पैसे भरून केला की नाही, हे सांगणे आता बंधनकारक आहे. जाहिरातीत पहिला आलेला मुलगा त्या संस्थेत फक्त मुलाखतीच्या सरावाला गेला होता, असे पुष्कळदा निघते.

कोर्स पारखावा कसा? नमुना म्हणून दाखवलेला पहिला धडा नेहमीच उत्तम असतो, त्यावर जाऊ नये. मधला, एखाद्या कठीण प्रकरणाचा धडा मागावा. मुलाने तो पाहिल्यावर त्याच प्रकरणावरील मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील दहा प्रश्न त्याला पुस्तक मिटवून सोडवायला द्यावेत. चार सुटले तरी ठीक, एकही सुटला नाही तर कोर्स मुलाच्या पातळीचा नाही. भाषेचेही पाहावे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला भरभर इंग्रजीत बोलणारा शिक्षक कितीही विद्वान असला तरी उपयोगाचा नाही. त्याने पहिले दोन महिने एनआयओएसची छापील पुस्तके आणि सावकाश बोलणारा शिक्षक घ्यावा. मग एक शंका लेखी पाठवावी आणि उत्तर किती तासांनी, कोणाकडून येते ते वहीत टिपावे. विकण्यापूर्वी दोन दिवस लावणारे विकल्यानंतर आठवडा लावतील. शेवटी फी परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'नक्की देऊ साहेब' हे लेखी नव्हे.

घरात एकाहून अधिक कोर्स घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला वेळ भरपूर असतो असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तो दुकानात तासभर बसतो, ती लहान भावंडांना सांभाळते, आणि मोबाइल घरात एकच असतो. आठवड्यात खरोखर किती तास मोकळे निघतात ते सात दिवस लिहून काढावे आणि कोर्सवाला जेवढे तास सांगतो त्यात स्वतः सराव करण्याचे तेवढेच तास मिळवावेत. बेरीज जमत नसेल तर विषय कमी करावेत. एनआयओएसच्या नऊ संधी त्यासाठीच आहेत. पाचही विषय एकाच वेळी दिले पाहिजेत असे नाही.

पैसे भरूनही फसगत झालीच, तर आधी कंपनीला ई-मेलने लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवावी. बिल, कर्जाचे माहितीपत्रक, जाहिरातीचे चित्र आणि प्रतिनिधीशी झालेला पत्रव्यवहार एकाच फायलीत ठेवावा. त्याच फायलीत एनआयओएसची नोंदणी पावती आणि टीएमए दिल्याची पोचही लावून टाकावी.