मोम्बासाहून दार-ए-सलाम : शेजारच्या मुलखातील बाजार आणि आपले कापड



मालेगावच्या लूमवर विणलेला ग्रे पाली, बालोतरा, जेतपूरकडे जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रक भरला, दलालाने चिठ्ठी दिली, की आपला हिशेब संपतो. तो तागा पुढे कोणाच्या अंगावर जातो, याची चौकशी करण्याची आपली रीत नाही. जेतपूरहून छापील माल मोठ्या प्रमाणात पूर्व आफ्रिकेत जातो आणि तिथे त्याला ‘कांगा’ व ‘किटेंगे’ म्हणतात. म्हणजे विणणारा एका ठिकाणी, छापणारा दुसऱ्या ठिकाणी आणि वापरणारा समुद्रापार. या साखळीत सर्वांत कमी माहिती विणणाऱ्याला असते, म्हणून सर्वांत कमी नफाही त्यालाच मिळतो.

आम्ही कापडाच्या निमित्ताने केनियात मोम्बासाला जातो, तेव्हा शेजारच्या टांझानियातही जाऊन येतो. दोन्ही देश एकमेकांना लागून, दोन्हीकडे स्वाहिली जबान, दोन्हीकडचे चलन शिलिंग. तरीही बाजाराचा मिजाज वेगळा. त्या फरकातून आपल्याला काय शिकता येईल, ते आज मांडतो.

सरहद्द ओलांडताना

मोम्बासाहून दक्षिणेला बस निघते ती लुंगालुंगाच्या नाक्यावर थांबते. पलीकडचे टांझानियाचे नाके होरोहोरो. तिथून टांगा शहर आणि पुढे दार-ए-सलाम. पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड जवळ हवे. केनियातून येणाऱ्याकडे ते हमखास मागतात.

नाके ओलांडले की पहिला फरक खिशात जाणवतो. एका केनियन शिलिंगचे सुमारे वीस टांझानियन शिलिंग मिळतात. नोटांची चळत हातात येते आणि माणसाला उगीच श्रीमंत झाल्यासारखे वाटते. टांझानियाची सर्वांत मोठी नोट दहा हजारांची आहे. तिथे एक लाखाला ‘लाकी’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडूनच गेला. भाव ‘लाकी’त ऐकू आला तर घाबरू नये आणि खर्च करताना हात सैलही सोडू नये.

दुसरा फरक जबानीचा. केनियात शहरी माणूस स्वाहिलीत इंग्रजी मिसळून बोलतो. टांझानियात सव्वाशेच्या आसपास जमाती आहेत, पण कचेरीत, बाजारात, सरकारी प्राथमिक शाळेत एकच जबान, स्वाहिली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्याचा आग्रह धरला. त्यामुळे केवळ इंग्रजीच्या भरवशावर तिथे मोठ्या घाऊक दुकानापर्यंत पोहोचता येते, खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत नाही.

जबान आणि अदब

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्याचा उपयोग दार-ए-सलामच्या बाजारात होईल असे कोणी सांगितले असते तर हसू आले असते. पण झाला. शहराचे नावच पाहा. झांझिबारचे सुलतान माजिद यांनी १८६० च्या दशकात हे शहर वसवले आणि नाव ठेवले, सलामतीचे घर. दुकान तिथे ‘दुका’, हिशेब ‘हेसाबू’, फायदा ‘फाइदा’, खसारा ‘हसारा’, खबर ‘हबारी’, रंग ‘रांगी’, विमा ‘बिमा’, गोणी ‘गुनिया’ आणि माल ‘माली’. कापसाला ‘पांबा’ म्हणतात, तो फारसी पंबा. कारागीर म्हणजे ‘फुंडी’, मग तो शिंपी असो की सुतार.

मात्र सारखा आवाज म्हणजे सारखा अर्थ असे समजू नये. ‘राहिसी’ ऐकून उर्दू जाणणाऱ्याला रईस आठवेल. तिथे त्याचा अर्थ स्वस्त किंवा सोपे. दुकानदार आपल्या मालाला ‘राहिसी’ म्हणाला तर तो खानदानी माल आहे असे समजून दाम वाढवू नका.

शब्दांपेक्षा महत्त्वाचा आहे अदब. मोम्बासात माणूस सरळ ‘निपे’ म्हणतो, म्हणजे ‘मला दे’. टांझानियात हेच थोडे उद्धट वाटते. तिथे ‘नाओंबा’ म्हणावे लागते, म्हणजे ‘विनंती करतो’. वडीलधाऱ्याला ‘शिकामू’ म्हणून सलाम करतात, तो ‘मराहाबा’ म्हणतो. आधी तब्येत विचारायची, मग घरची, मग कामाची. एवढे झाल्यावर भावाची गोष्ट निघते. आपल्याकडचा घाईत असलेला दलाल दुकानात शिरताच नमुना टेबलावर टाकतो. तिथे अशा माणसाला सौदा मिळतो, पण दुसऱ्यांदा बोलावणे येत नाही.

घड्याळ सांभाळा

तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांनी ‘सा न्ने’ सांगितले, म्हणजे चार, तर आपल्या घड्याळात सकाळचे दहा. सहा तासांचा हा फरक लक्षात न घेतल्यामुळे भेटी चुकतात, ट्रक चुकतात, बोटीही चुकतात. वेळ ठरवताना विचारावे : स्वाहिली वेळ की इंग्रजी वेळ? सकाळ की संध्याकाळ? आणि मग समोरच्याच्या देखत लिहून घ्यावी.

कारियाकोचा बाजार

दार-ए-सलामचे मुख्य व्यापारी ठाणे कारियाको. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हमालांच्या तुकडीचा, म्हणजे ‘कॅरिअर कोअर’चा, तळ इथे होता. त्यावरून हे नाव पडले. जुलै २०२१ मध्ये मुख्य बाजाराच्या इमारतीला मोठी आग लागली होती, तरी भोवतालच्या गल्ल्यांतला व्यापार चालूच राहिला. टांझानियाच्या गावागावातून आणि शेजारच्या देशांतूनही छोटे व्यापारी इथे खरेदीला येतात. भिवंडी किंवा मस्जिद बंदर पाहिलेल्या माणसाला हा गोंगाट अनोळखी वाटणार नाही.

रस्त्यावर ‘डालाडाला’ नावाच्या लहान बसगाड्या आणि ‘बोडाबोडा’ या भाड्याच्या मोटारसायकली. फुटपाथवर बाया चुलीवर भात, उसळ, मासे शिजवतात, त्यांना ‘मामा लिशे’ म्हणतात. चपाती, सांबुसा, पिलाऊ, बिर्याणी ही नावे ऐकून परक्या मुलखात असल्याचा विसर पडतो. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’ मात्र त्यांचा स्वतःचा. दुपारच्या त्या बाकड्यावर हमाल, शिंपी आणि घाऊक दुकानदार शेजारी बसून जेवतात. बाजारभाव समजून घ्यायला त्याहून चांगली जागा आम्हाला सापडली नाही.

कांगा : कापड आणि कलाम

आता मुख्य विषय. कांगा म्हणजे सुमारे दीडशे सेंटिमीटर लांब आणि एकशेदहा सेंटिमीटर रुंद असा सुती छापील तुकडा. म्हणजे आपला ४४ इंची पन्हा. तो जोडीने विकतात, जोडीला ‘डोटी’ म्हणतात. दोन्ही तुकडे अखंड असतात, गिऱ्हाईक ते घरी कापून दुमडून घेते. एका जोडीला तीन ते सव्वातीन मीटर कापड लागते. एक तुकडा कमरेला, दुसरा खांद्यावर किंवा डोक्यावर. त्यातच मूल पाठीला बांधतात, त्यातच ओझे आणतात, लग्नात देतात आणि मयतीच्या घरीही तोच नेसून जातात.

कांग्याचे तीन भाग : चारी बाजूंची किनार ती ‘पिंडो’, मधले मैदान ते ‘म्जी’ आणि खालच्या बाजूला छापलेली एक ओळ ती ‘जिना’. ही ओळ म्हणजे म्हण, दुआ, आईची तारीफ किंवा शेजारणीला मारलेला टोमणा. बाई आधी ओळ वाचते, मग रंग बघते. ओळ आवडली नाही तर उत्तम सुताचा मालही पडून राहतो. किनार वाकडी कापली गेली, मैदान मध्यभागी बसले नाही किंवा ओळीत एक अक्षर चुकले, तर गठाणच्या गठाण भावात उतरते.

या मालाचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारमध्ये अमेरिकेचे कोरे कापड चाले, त्याला ‘मेरिकानी’ म्हणत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली आणि तो माल आटला. पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाने त्या बाजारात आपली जागा केली. कांगा हे नाव ठिपक्यांच्या एका पक्ष्यावरून पडले. मोम्बासात आजही याला ‘लेसो’ म्हणतात, तो रुमालासाठीचा पोर्तुगीज शब्द. मोम्बासातले व्यापारी कादरदिना हाजी एसाक यांचा कांगा ‘माली या अब्दुल्ला’, म्हणजे अब्दुल्लाचा माल, या छापाने प्रसिद्ध झाला. त्यांच्या पेढीची सुरुवात १८८७ ची सांगतात आणि कांग्यावर स्वाहिली ओळ छापण्याच्या रिवाजाचे श्रेयही त्यांनाच देतात. हिंदुस्तानातून गेलेल्या घराण्याने गिऱ्हाइकाची जबान कपड्यावर आणली आणि पिढ्यान्‌पिढ्या नाव टिकवले. तिजारतीत याहून मोठा सबक कोणता?

लाल, काळा आणि पांढरा असा ‘किसुतू’ कांगा लग्नात लागतोच. त्याची फॅशन जात नाही. किटेंगे ही वेगळी चीज. त्यावर ओळ नसते, तो वारावर विकतात आणि शिंपी त्याचे झगे शिवतो. ‘किकोई’ ही विणलेली, झालरीची पुरुषांची लुंगी. हा छपाईचा माल नाही, लूमचा माल आहे. आपल्या विणकर भावांनी याकडे जास्त लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

मितुंबा : खरा प्रतिस्पर्धी

आपण समजतो की आपली स्पर्धा चीनशी. ती आहेच. दार-ए-सलामची ‘उराफिकी’ म्हणजे दोस्ती गिरणी १९६८ मध्ये चीनच्या मदतीनेच उभी राहिली होती. पण गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने खरा मुकाबला ‘मितुंबा’शी आहे. मितुंबा म्हणजे युरोप-अमेरिकेतले वापरलेले कपडे. ते साधारण ४५ किलोच्या गाठीत येतात. गाठ फोडेपर्यंत आत काय आहे ते छोट्या व्यापाऱ्यालाही कळत नाही, म्हणजे प्रत्येक गाठ हा एक जुगारच. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाच्या देशांनी हा माल २०१९ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. अमेरिकेने आपल्या सवलती काढून घेण्याचा इशारा दिल्यावर केनिया आणि टांझानिया मागे हटले. रवांडा हटला नाही, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांची सवलत थांबवली.

मात्र मितुंब्यात शर्ट मिळतो, पँट मिळते, कांगा मिळत नाही. लंडनच्या बाईने वापरलेला कांगा कुठून येणार? ज्या मालात त्या मुलखाची जबान आणि रिवाज आहे, तो माल जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यालाही दबत नाही.

पैसा आणि कायदा

केनियात २००७ मध्ये आणि टांझानियात २००८ मध्ये फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली. भाजीवालीपासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सगळे ती वापरतात. फोनवर निरोप आला असे कोणी दाखवले म्हणून माल सोडू नये, आपल्या माणसाच्या खात्यात रक्कम दिसली पाहिजे. टांझानियात २०२५ पासून देशातला भाव आणि व्यवहार परकीय चलनात करण्यावर बंदी आहे. डॉलरच्या नोटा दाखवून सौदा करण्याचे दिवस गेले.

जकातही नीट समजून घ्यावी. पूर्व आफ्रिकेची जकात संघटना २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा कांगा, किकोई आणि किटेंगे यांना संवेदनशील यादीत घालून ५० टक्के जकात लावली होती. २०२२ मध्ये तयार मालासाठी ३५ टक्क्यांचा नवा टप्पा आला, त्यात कापड आणि कपडेही आहेत. दर वर्षी जूनच्या बजेटात दर बदलू शकतात. म्हणून ऑर्डर घेण्यापूर्वी क्लिअरिंग एजंटकडून त्या दिवसाचा दर लेखी घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुकानाची. जुलै २०२५ मध्ये टांझानिया सरकारने पंधरा प्रकारचे धंदे परदेशी नागरिकांना बंद केले. त्यात घाऊक आणि किरकोळ विक्री आहे, सुपरमार्केट मात्र वगळले आहे. यामुळे केनियाचे व्यापारीही नाराज झाले. एखाद्या स्थानिक माणसाच्या नावाने दुकान टाकून देतो, असे सांगणारे भेटतील. त्यांच्यापासून दूर राहा. परदेशी माणसाला मदत करणारा नागरिकही त्या हुकमाने गुन्हेगार ठरतो.

हे एकदम घडलेले नाही. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर तिथे समाजवाद आला. १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. त्यात हिंदी वंशाच्या लोकांच्या मालमत्ता पुष्कळ होत्या आणि अनेक घराणी देश सोडून गेली. १९८५ मध्ये अली हसन म्विन्यी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आयात-व्यापार खुला केला. लोक त्यांना प्रेमाने ‘म्झे रुखसा’ म्हणत, म्हणजे परवानगी देणारे बुजुर्ग. दार कधी उघडते, कधी मिटते. परक्या मुलखात व्यापार करणाऱ्याने इमारतीत कमी आणि ऐतबारात जास्त गुंतवणूक करावी.

आपण काय करावे

पहिले, जेतपूरच्या छपाईवाल्याला विचारा की आपला ग्रे कांग्यात जातो की अन्य मालात. कांग्यात जात असेल तर पन्हा, वजन आणि गाठींची सफाई त्याप्रमाणे ठेवा आणि त्याचा भाव मागा. माहिती असलेला विणकर भाव मागू शकतो.

दुसरे, दहा-बारा छोट्या लूमवाल्यांनी मिळून किकोईचे नमुने तयार करावेत. एकट्याला कंटेनर भरता येत नाही, बारा जणांना येतो.

तिसरे, ओळीचा मजकूर तिथल्याच बाईकडून तपासून घेतल्याशिवाय छपाई करू नये.

चौथे, दुकान टाकण्याच्या भानगडीत न पडता तिथला नोंदणीकृत आयातदार शोधावा. पहिला माल थोडा द्यावा आणि तो बँकेमार्फतच द्यावा.

पाचवे, घरातल्या एका मुलाला स्वाहिली शिकवावी. उर्दू जाणणाऱ्या मुलाला त्यातले कितीतरी शब्द आधीच पाठ असतात.

तिथली बाई दोन-तीन वर्षे वापरलेला कांगाही धुऊन जपून ठेवते, कारण त्यावरची ओळ तिच्या मनातली असते. त्या ओळीखालचे सूत आपल्या गावचे असेल, तर निदान आपल्याला ते माहीत असले पाहिजे.