राज्य करणाऱ्यालाही नियम

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फडाची शेती फार जुनी आहे. नदीला बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि सगळ्यांनी ठरलेल्या पाळीने पाणी घ्यायचे, अशी ही रीत. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याकडे. कोणाचे वावर मोठे असते, कोणाचे लहान. पण पाळी मोडायची मुभा कोणालाच नाही. ज्याच्या हाती पाणी आहे, त्या पाटकऱ्यालाही नियम आहे. म्हणून तर शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचते.

मंडळी, राज्याचेही असेच आहे. ज्याच्या हाती सत्ता, त्याला नियम कोणी घालायचा? आज आपण हेच समजून घेऊ.

पूर्वी राजा बोले तोच कायदा. राजा चांगला असला तर रयत सुखी. शिवाजी महाराजांनी आपल्या लष्कराला ताकीद दिली होती की, रयतेची भाजीसुद्धा फुकट घेऊ नका. पण सगळेच राजे असे नसतात. चांगल्या राजाच्या मागून वाईट राजा आला, तर रयतेने कोणाकडे पाहायचे?

इंग्लंडात जॉन नावाचा राजा होता. तो मनास येईल तसे पैसे उकळी, मनास येईल त्याला कैदेत टाकी. 1215 साली तिथल्या सरदारांनी त्याला अडवले आणि एका सनदेवर त्याची मोहर घेतली. कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करायचे नाही, असे तीत लिहिले होते. पुढे 1689 साली तिथे असे ठरले की, लोकसभेच्या संमतीशिवाय राजाने कर बसवायचा नाही. 1789 साली फ्रान्स देशाने जाहीर केले की, माणसे जन्मतः समान हक्कांची आहेत. पण या कागदांचा लाभ आधी थोड्यांनाच झाला. गरीब, स्त्रिया आणि गुलाम बाहेरच राहिले.

आपल्याकडे तर राज्य परक्यांचे. 1935 साली हिंदुस्थानचा कारभार कसा चालावा याचा मोठा कायदा झाला, पण तो केला लंडनच्या पार्लमेंटने. मताचा हक्कही सगळ्यांना नव्हता. तुम्ही सारा किती भरता, तुमची मालमत्ता किती, शिक्षण किती, हे पाहून मत मिळे. मजूर आणि बिनशेतीचा माणूस बहुधा बाहेरच.

आता आपल्या मुलखात या. रावेरहून सावद्यावरून पुढे गेले की फैजपूर लागते. 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. आपल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून मंडप सजवला. त्या अधिवेशनात 1935 चा कायदा नाकारला गेला. आमची घटना आमच्याच लोकांनी निवडलेल्या सभेने करावी, अशी मागणी झाली. शेतसारा आणि कर्जाचा बोजा कमी करावा, असेही ठरले.

ती घटना समिती 9 डिसेंबर 1946 रोजी प्रथम बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना मंजूर झाली आणि 26 जानेवारी 1950 पासून ती अंमलात आली. तीत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत दिले. लिहिता-वाचता येते का, हे विचारले नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षर न येणाऱ्यानेही मत दिले. पण सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीत राहू शकली नाहीत. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. बायांनो, आपले नाव सांगणे आणि लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे!

घटनेत आपले मूलभूत हक्क लिहिले आहेत. कायद्यापुढे सगळे समान. अस्पृश्यता बंद. कोणाला अटक केली, तर कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटापुढे उभे केले पाहिजे. हक्क मोडला, तर थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते.

पण नुसत्या लिहिण्याने भागते काय? महाडचे चवदार तळे पाहा. नगरपालिकेने 1924 साली ते सगळ्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना पाणी घेता येत नव्हते. ठराव कागदावरच! 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्या लोकांना मारहाण झाली, कोर्टात दावा झाला. 1937 साली मुंबई हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. दहा वर्षे लागली, पण लोक हटले नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1975 साली देशात आणीबाणी आली. हजारो माणसांना खटल्यावाचून तुरुंगात ठेवले. 1977 च्या निवडणुकीत लोकांनी मताने ते सरकार बदलले. मग 1978 साली घटना दुरुस्त झाली. आता आणीबाणीतही जगण्याच्या हक्कासाठी कोर्टाचे दार बंद करता येत नाही.

तर सार इतकेच: मत द्यायला अक्षर लागत नाही, पण हक्क राखायला अक्षर फार कामी येते. न वाचता अंगठा देऊ नका. ग्रामसभेला जा, हिशेब विचारा. आणि आपला हक्क मागताना शेजाऱ्याचाही राखा. शेवटच्या वावराला पाणी मिळाले, तरच पाळी खरी.

प्रश्न
1. फैजपूरच्या अधिवेशनात घटनेविषयी कोणती मागणी झाली?
2. अटक झालेल्या माणसाचे हक्क कोणते?
3. तुमच्या गावात कोणता हक्क अजून कागदावरच आहे? चार ओळी लिहा. खाली आपले पूर्ण नाव लिहा.