चीनांशुक आणि कोसा

लोणच्याच्या बरणीला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो. खरे पाहता घरोघरची ती जाड बरणी अस्सल चिनी मातीची क्वचितच असते. अस्सल वस्तू कशी असते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी प्रथम पाहिले ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. वैनगंगेच्या काठच्या आमच्या शाळेतील आठवीची मुले घेऊन मी काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो. हे संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे त्याचे जुने नाव जाऊन आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. सर रतन टाटा व सर दोराब टाटा या बंधूंनी जमविलेल्या कलावस्तू तेथे आहेत. त्यांत चीन व जपान या देशांतील वस्तूंचाही मोठा भरणा आहे.

त्या दिवशी चीनच्या पारंपरिक कलांवर एक व्याख्यान होते. कोणीही येऊन ऐकावे, अशी मुभा होती. म्हणून आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो. व्याख्याते वयोवृद्ध होते व त्यांची वाणी संथ होती. जिंगदेझेन या नगराजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे; तिच्यावरून तेथील पांढऱ्या मातीला ‘केओलिन’ हे नाव जगभर मिळाले. ही माती एका विशिष्ट दगडाच्या चूर्णात मिसळून सुमारे १३०० अंशांच्या आचेत भाजली, म्हणजे भांडे इतके पातळ व घट्ट होते, की त्यातून उजेड झिरपतो. जेड नावाचा दगड तर साध्या हत्याराला दाद देत नाही. कठीण वाळूने चिकाटीने घासूनच तो घडवावा लागतो. मुले हे सारे ऐकत होती. परंतु परक्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखी, अंग चोरून.

मग रेशमाचा विषय निघाला. कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुकाच्या पताकेचा उल्लेख आहे. म्हणजे चीनचे रेशीम आपल्याकडे किती पूर्वीपासून ठाऊक होते पाहा! तुतीचा पाला खाणारा हा किडा चीनमध्ये हजारो वर्षे माणसाने पाळला. त्यामुळे त्याच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही. एका कोशातून सुमारे हजार मीटर अखंड धागा निघतो. ही विद्या देशाबाहेर जाऊ नये म्हणून सीमेवर पहारे असत. खोतानच्या राजाला दिलेल्या एका राजकन्येने तुतीचे बी व रेशीमकिड्यांची अंडी आपल्या शिरोभूषणात लपवून नेली. पहारेकऱ्यांनी सारे काही तपासले, पण राजकन्येच्या मस्तकाला हात कोण लावणार?

ही कथा लिहून ठेवणारा ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू इ. स. ६२९ मध्ये भारताकडे निघाला व ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशी परतला. या प्रवासात तो कोसल देशीही आला होता. त्या देशाची राजधानी कोणती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कनिंगहॅमने भांदक, म्हणजे आपली भद्रावती, असे म्हटले; फर्ग्युसनने वैरागडाकडे बोट दाखविले; अलीकडे अनेकांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे आहे.

वैरागडाचे नाव कानी पडताच आमच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला. तो आरमोरीकडचा; वर्गात सहसा तोंड न उघडणारा.

“तो भिक्षू वैरागडास आला असेल, तर त्याने आमचा कोसा पाहिला असेल काय?”

“कोसा म्हणजे?” व्याख्यात्यांनी विचारले.

सभेत कोणी तरी हसले. मुलगा क्षणभर थबकला. मग बोलू लागला. कोशाचा किडा घरात पाळीत नाहीत. ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात तो वाढवितात. अंडी फुटली की अळ्या झाडावर सोडावयाच्या. एका झाडाचा पाला संपला की त्यांना फांदीसह दुसऱ्या झाडावर न्यावयाचे. मुंगळे त्यांना तोडतात, गांधीलमाश्या डसतात, पाखरे तर टपलेलीच असतात. म्हणून भर पावसात गलोल घेऊन राखण करावी लागते. पुढे कोश फळासारखे देठाने फांदीला लोंबतात. ते अंड्याच्या कवचासारखे टणक असतात व क्षाराच्या पाण्यात उकळल्याखेरीज मऊ होत नाहीत. त्याची आजी मांडीवर वळून त्यांचा धागा काढी. तो धागा पांढरा नसतो, मधासारखा असतो. एवढे सांगून तो खाली बसला.

व्याख्याते काही वेळ स्तब्ध राहिले. “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही,” ते म्हणाले, “परंतु त्या भिक्षूच्या ग्रंथात ते शोधता येईल.” उत्तर ठाऊक नसल्याचे भरसभेत सांगणारे विद्वान मी फार थोडे पाहिले आहेत.

परतल्यावर मी तो ग्रंथ मिळविला. सॅम्युएल बील याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८८४ साली प्रसिद्ध झाले आहे. राजधानीचा वाद त्यावरून मिटत नाही आणि वैरागडच्या कोशाचा निर्वाळाही मिळत नाही. तथापि भारतातील लोकांच्या वस्त्रांचे वर्णन करताना ह्युएनत्संगाने ‘कौशेय’ हा शब्द चिनी उच्चाराने दिला आहे आणि हे वस्त्र रानटी रेशीमकिड्यापासून होते, असे स्पष्ट लिहिले आहे. कौशेय म्हणजे कोशापासून झालेले. आपला ‘कोसा’ त्याच कुळातला. तुतीच्या रेशमाच्या देशातून आलेल्या माणसाला हा भेद नोंदवून ठेवावासा वाटला.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. अंगणात सुपामध्ये कोश वाळत पडले होते. पुस्तकातील तो भाग मी मराठीत सांगितला. मुलाने तो पुन्हा एकदा सांगावयास लावला. त्याचे आजोबा मात्र निवांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “गुरुजी, राखण कोण करीत असे, हे त्या पाहुण्याने लिहिले आहे काय?”

मी पाने उलटून पाहिली. ते कोठेच लिहिलेले नव्हते.