दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घाल

अगं, पित्ताच्या गोळीला आपण औषध धरतच नाही, सगळं तिथून सुरू होतं. डॉक्टर विचारतात, "दुसरं काही औषध चालू आहे का?" आपण सांगतो, "छे, काही नाही." आणि पर्समध्ये पॅन-डीचं पाकीट असतं, उशाशी पातळ अँटासिडची बाटली असते. मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मी हे रोज ऐकते. झोपेच्या गोळीचं उलट आहे. ती घेतो हे माहीत असतं, पण सांगायची लाज वाटते. एक औषध सांगण्याजोगं वाटत नाही, दुसरं सांगवत नाही. त्यामुळे ही दोन्ही एकाच पोटात जातात हे घरात कुणालाच कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.

तुम्हा महाळुंग्याच्या लोकांसाठी तर मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चाकण एमआयडीसीत घड्याळ पोटाला विचारून चालत नाही. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्यात सेकंड, मग नाइट. सेकंड सुटून तळेगाव-चाकण रस्त्याच्या गर्दीतून घरी यायला मध्यरात्र होते, तेव्हा कुठे ताटावर बसायचं. गरम भात-आमटी, वर ठेचा, आणि उठल्या उठल्या अंथरूण. आडवं झालं की अर्ध्या तासात छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. झोप उडते ती उडतेच. मग लाइनवरची कुणी मैत्रीण सांगते, "माझ्याकडची अर्धी अल्प्रॅक्स घे, छान झोप लागते." तुझं असंच चाललंय ना? रागावत नाही मी. पण नीट ऐक.

पित्ताच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या दोन गोळ्या यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी २सी१९ नावाचं, अडवून धरतात. डायझेपाम, म्हणजे आपल्या आईच्या वेळची काम्पोज, मोडून शरीराबाहेर टाकायचं बरंचसं काम याच एन्झाइमकडे असतं. ते अडलं की डायझेपाम रक्तात साठत राहतं. इसोमेप्राझोल सोबत असेल तर डायझेपाम बाहेर पडण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो. आधीच हे औषध दोन-दोन दिवस अंगात रेंगाळणारं. त्यामुळे गोळी तीच, डोस तोच, पण अंमल दुसऱ्या दिवशी दुपारीही उतरत नाही. काही माणसांत तर हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, आणि युरोपीय लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत अशी माणसं जास्त सापडतात. सासूबाईंना जुनी सवय म्हणून काम्पोज चालू असेल आणि कुणी त्यांना पित्तासाठी ओमेझ आणून दिली असेल, तर सकाळी त्यांचा तोल जातोय का ते बघ. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नकोस. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारपणी माणूस पुन्हा पूर्वीसारखं उभं राहीलच असं नाही.

पँटोप्राझोल या बाबतीत बरंच गरीब आहे, डायझेपामला ते फारसं छेडत नाही. रॅबेप्राझोलचंही तसंच. आणि लोराझेपामसारखी झोपेची गोळी वेगळ्याच वाटेने बाहेर पडते, तिला हे एन्झाइम लागतच नाही. म्हणजे डॉक्टरांना दोन्ही नावं कळली, तर एकीच्या जागी दुसरी देऊन प्रश्न सुटू शकतो. इतकं सोपं काम, नुसतं न सांगितल्यामुळे अडून राहतं. मात्र ही बदलाबदल तू मनाने करायची नाहीस.

मला जास्त धास्ती आहे ती हेलिकोबॅक्टरच्या कोर्सची. एंडोस्कोपी करून पोटात हे जंतू सापडले, तर डॉक्टर साधारण चौदा दिवसांचा कोर्स देतात. त्यात पित्ताच्या गोळीसोबत बऱ्याचदा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं. ते अल्प्राझोलाम, म्हणजे तुझी अल्प्रॅक्स, मोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमलाच जोरात रोखतं. एरवी चालणारी अर्धी गोळी त्या दिवसांत जड पडते. शिवाय पॅन-डीमधला 'डी' म्हणजे डोम्पेरिडोन. ते क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती असते, म्हणून ही जोडी टाळायचीच असते. तेव्हा कोर्स हातात पडला की पहिला प्रश्न हाच: "डॉक्टर, माझी झोपेची गोळी आणि पॅन-डी, दोन्ही चालू आहेत. काय करू?"

आणखी एक. पोटात मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये झोपेच्या गोळीचंच भावंड असतं, क्लोरडायझेपॉक्साइड. नॉर्मॅक्सिन हे त्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव. माणूस तिला पोटाची गोळी समजतो आणि रात्री वर अल्प्रॅक्स घेतो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव, बाई.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. झोपेत आम्ल घशाकडे चढलं की शरीर आपल्याला किंचित जागं करतं. आपण कूस बदलतो, आवंढा गिळतो, लाळेबरोबर आम्ल खाली जातं. सकाळी हे आठवतही नाही, पण अन्ननलिका त्यानेच वाचते. २००९ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियात, झोल्पिडेम ही झोपेची गोळी देऊन हेच तपासलं गेलं. गोळी घेतलेली माणसं आम्ल वर आलं तरी कमी वेळा जागी झाली, आणि आम्ल अन्ननलिकेत जास्त वेळ टिकलं. म्हणजे गोळी घेऊन तुला शांत झोप लागली, जळजळ जाणवली नाही, म्हणून ती झालीच नाही असं समजू नकोस. आतलं अस्तर भाजत राहू शकतं आणि तुला पत्ता नसतो. झोपेसाठी बरेच डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिनची लहान गोळीही देतात. ती अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करू शकते, तेव्हा ती चालू झाल्यावर पित्त वाढलं का, हेही लक्षात ठेवून सांग.

म्हणून माझं म्हणणं असं, की झोपेच्या गोळीआधी झोप का मोडते ते शोध. तुझ्यासारख्या कितीजणींची झोप पित्तानेच मोडलेली असते. पित्ताची गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असते. जेवून, झोपताना घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. सेकंड शिफ्टला असशील तर मुख्य जेवण कँटीनमध्ये आठ-साडेआठलाच उरक. घरी आल्यावर भूक लागलीच तर थोडं काहीतरी खा, पूर्ण ताट नको. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेव. डाव्या कुशीवर झोप. नाइट करून आलीस की खिडकीला जाड पडदा ओढ आणि सकाळचा चहा टाळ. पंधरा दिवस एवढं नेटाने केलंस तर डॉक्टरांशी बोलायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल.

एवढं करूनही डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली, तर ती घे, त्यात कमीपणा नाही. फक्त झोल्पिडेम असेल तर ती भरल्या पोटी उशिरा लागू पडते. मध्यरात्री जेवून घेतली, तासाभरात झोप आली नाही, म्हणून दुसरी घेतली, असं कधीही करू नकोस. पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यायची. बायकांच्या शरीरातून ती हळू उतरते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला. नवऱ्याच्या पाकिटातली गोळी तुझ्यासाठी नाही, ती याचसाठी. सोबत दारू तर कुणीच घ्यायची नाही, हे त्यालाही सांग.

महिनोन्‌महिने अल्प्राझोलाम घेत असशील तर माझं हे ऐकून आज रात्री एकदम बंद करू नकोस. अंग थरथरतं, झोप आणखी उडते, क्वचित फिट येते. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतील. पित्ताची जुनी गोळीही एकदम सोडली तर काही दिवस पित्त उसळतं, घाबरू नकोस, पण तेही विचारून कर.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नकोस. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही 'शेड्यूल एच१'मधली औषधं आहेत. मार्च २०१४ पासून ती देताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं लागतं. चिठ्ठीशिवाय जो देतो तो तुझ्यावर उपकार करत नाही.

घास अडकत असेल, शौचाला काळी होत असेल, वजन उतरत असेल, तर गोळ्या बदलत बसू नकोस, तडक तपासून घे. छातीत दुखून घाम फुटला तर पित्त म्हणून थांबायचं नाही. घरातलं कुणी गोळी घेऊन झोपलं आणि हलवूनही उठत नसेल, श्वास मंदावला असेल, तर लगेच १०८ ला फोन लाव.

या सुट्टीच्या दिवशी एवढंच कर. घरातल्या सगळ्या गोळ्या, पित्ताच्या, झोपेच्या, सासूबाईंच्यासुद्धा, एका पिशवीत घाल आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी कर. तोवर रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर सकाळच्या शिफ्टला स्कूटी काढू नकोस, कंपनीच्या बसनेच जा.